कच्चा धावदोरा

१

बुधवारी सकाळी मी ऑफिस उघडायला गेलो, तेव्हा दाराशी दोन गोष्टी माझी वाट पाहत होत्या. एक होता वकीलबाईंचा काळा कोट, कागदात गुंडाळून कडीला अडकवलेला. दुसरी पांढऱ्या गणवेशातली एक पन्नाशीची नर्स, पायरीवर बसलेली. मी कोट खुंटीला टांगला, नर्सला खुर्ची दिली आणि स्वतःवर खूश झालो. खरं तर दोघांकडेही नीट पाहायला हवं होतं.

मी वकीलबाईंचा टंकलेखक. तीस वर्षं जामिनाचे अर्ज टाइप करतोय, त्यातली वीस बाईंकडे. त्या मला भाऊ म्हणतात आणि मी त्यांना बाई म्हणतो. माझी नजर तीक्ष्ण आहे असं माझं मत आहे. बाईंचं तसं नाही, पण पगार त्या देतात, म्हणून मी वाद घालत नाही.

कोट मात्र झकास होऊन आला होता. अस्तर बदलायला आठ दिवसांपूर्वी मीच तो कोर्टाच्या फाटकाशी असलेल्या शिंप्याकडे दिला होता. दुकानदाराचा उजवा हात तेव्हा मनगटापर्यंत बँडेजमध्ये होता. इस्त्रीने भाजलं म्हणाला, आणि डाव्या हाताने कोट घेतला. आता नवं अस्तर, झिजलेली काजं पुन्हा केलेली, आतल्या खिशावर पांढरा कच्चा धावदोरासुद्धा. जुना कोट नव्यासारखा दिसत होता.

बाई आल्या, कोटाकडे न पाहता बसल्या. दुरुस्त होऊन आलेला कोट त्या अंतिम सुनावणीच्या दिवशीच अंगात घालतात. ही अंधश्रद्धा आहे म्हटलं की रागावतात.

"बोला," बाई नर्सला म्हणाल्या.

"मला सगळे सिस्टर म्हणतात. आजारी माणसं सांभाळते," ती म्हणाली. "काल संध्याकाळी माझे आजोबा घरातून नाहीसे झाले. म्हणजे माझे सख्खे नव्हेत, ज्यांना मी सांभाळते ते. पोलीस म्हणतात मी त्यांना पळवलं. अपहरण."

तिची हकीकत सरळ होती. एक म्हातारे शिंपी. पुतण्या आणि पुतणसून त्यांच्याच घरात राहायचे, दोघं दिवसभर कामावर. सिस्टर सकाळी आठ ते दोन. दोननंतर आजोबा घरात एकटे, दार बाहेरून कुलूप लावून बंद. काल सात वाजता पुतणसून घरी आली, तर खोली रिकामी आणि कुलूप जसंच्या तसं. नऊ वाजता तक्रार, तक्रारीत सिस्टरचं नाव.

"तुमचंच का?"

"कोंडून ठेवण्यावरून मी दोनदा भांडले होते. एकदा रस्त्यात रागाने म्हणाले, एक दिवस मीच यांना उचलून नेईन. समोरच्या इस्त्रीवाल्याने ऐकलंय."

"नेलंत का?"

"नाही हो. दोन वाजता निघाले ती घरी जाऊन झोपले. झोपेला साक्षीदार कुठून आणू?" तिने गणवेशाच्या खिशातल्या रुमालाने डोळे पुसले. "बाई, मला तुरुंगाची भीती नाही. पण पोलिसांनी एकदा हात धरून नेलं, की नंतर आपला आजारी माणूस माझ्या हाती कोण देईल? मला दुसरं काही येत नाही."

बाईंनी पेन उचललं. मग म्हणाल्या, "माझ्याकडे कुणी पाठवलं?"

"आजोबांनीच. महिन्यापूर्वी. म्हणाले, कधी पोलिसांचं लचांड मागे लागलं तर रडत बसू नकोस, अटकेच्या आधीच जामीन मिळतो. जिचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे त्या वकीलबाईकडे जा. मला वाटलं काहीतरी बरळतायत. आज फाटकावरच्या शिपायाला खांद्याचं सांगितलं, तर तो हसला आणि त्याने तुमचा पत्ता दिला."

बाई चटकन ताठ बसल्या. मी टाइपरायटरकडे बघत राहिलो, कारण हसलो असतो तर दिवस वाईट गेला असता.

मग बाईंनी तक्रारीची प्रत घेतली आणि त्यांच्या सवयीप्रमाणे शेवटच्या पानापासून वाचायला लागल्या. दुसऱ्या पानाशी त्या थांबल्या.

"भाऊ, तक्रारदार कोण आहे माहीत आहे? आपला फाटकावरचा शिंपी. म्हणजे नाहीसे झालेले त्याचे काका, दुकानाचे जुने मालक. माझा पहिला कोट त्यांनीच शिवला होता." त्यांचा आवाज जरा खाली आला. "दोन वर्षांत दिसले नाहीत. मला वाटलं गेले."

"तक्रारीत काय म्हणतोय?" मी विचारलं.

"काकांचं डोकं ठिकाणावर नाही, चमचा आणि सुई यातला फरक कळत नाही. डॉक्टरचा दाखला जोडलाय, पुतण्या कायदेशीर पालक. दाराचं कुलूप आतून-बाहेरून किल्लीनेच उघडतं. किल्ल्या तीन. एक पुतण्याकडे, एक पुतणसुनेकडे, तिसरी सिस्टरकडे. कुलूप फोडलेलं नाही." बाईंनी चष्मा काढला. "सिस्टर, तुमची किल्ली?"

सिस्टरने पर्समधून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"कुणाला दिली होती?"

"कुणालाही नाही."

"मग तर पंचाईतच आहे," बाई म्हणाल्या.

२

त्या दुपारी अर्ज दाखल झाला. अटकपूर्व जामीन म्हणजे काय हे बाईंनी सिस्टरला सोप्या शब्दांत सांगितलं. अटक झाल्यावर सुटण्यासाठी जो मागतात तो साधा जामीन, आणि अटक होण्याची भीती असताना आधीच मागतात तो हा. न्यायाधीशांनी शुक्रवारी अकरापर्यंत अटक करू नये असा तात्पुरता हुकूम दिला. सरकारी वकिलांनी एवढंच म्हटलं, "म्हातारा माणूस औषधांवर आहे, साहेब. तो कुठे आहे हे या बाईला माहीत आहे. ताब्यात घेतल्याशिवाय ती सांगणार नाही." न्यायाधीशांनी मान हलवली. ती मान मला आवडली नाही.

"अपहरण कशाने होतं, भाऊ?" जिना उतरताना बाईंनी विचारलं. स्वतःला माहीत असतं तरी त्या विचारतात.

"लहान मूल किंवा ज्याची बुद्धी शाबूत नाही असा माणूस, पालकाच्या संमतीशिवाय नेला तर."

"आणि शहाणा माणूस स्वतःच्या पायाने निघून गेला तर?"

"ते फिरायला जाणं."

"तेव्हा सगळा प्रश्न एकच. आजोबांचं डोकं कसं आहे?"

जुने निकाल काढायला मी वकिलांच्या ग्रंथालयात गेलो. तिथल्या ग्रंथपालाला सगळे शांतताराव म्हणतात, कारण कुणी शिंकलं तरी तो "शांतता!" म्हणून टेबलावर पट्टी आपटतो. राहायला ग्रंथालयामागच्याच खोलीत. एकटा जीव, कुणाला कपभर चहा पाजल्याचं ऐकिवात नाही. त्याच्या कोटाला तीन बटणं हवीत; वीस वर्षं त्याने दोनांवर भागवलं होतं.

त्या दिवशी त्याच्या टेबलावर चहाचे दोन पेले होते.

"पाहुणे आलेत वाटतं?" मी हळूच विचारलं.

"शांतता!" तो म्हणाला आणि पट्टी आपटली. बोलताना त्याने घाईने कोट लावून घेतला. तिन्ही बटणं लागली. म्हातारपणी माणूस नटायला लागला, असं मनात म्हणत मी निकालांची पुस्तकं उचलली आणि निघालो. हाच तो माझा तीक्ष्ण नजरेचा नमुना.

३

गुरुवारी सकाळी आम्ही आजोबांच्या गल्लीत गेलो. सिस्टर बरोबर होती, पण घरापुढे यायला तयार होईना, कोपऱ्यावरच थांबली. समोर इस्त्रीवाल्याची टपरी. माणूस बोलका, हातही तोंडाइतकेच चालणारे.

"सिस्टर म्हणाली होती ना, उचलून नेईन?" बाईंनी विचारलं.

"म्हणाली. पण माझी बायको रोज म्हणते माहेरी जाईन. पंचवीस वर्षं झाली, आहे इथेच." त्याने शर्टाची कॉलर उलटली. "पोलिसांना मी जे ऐकलं ते सांगितलं. त्यांनी पुढचं विचारलं नाही."

"पुढचं काय?"

"सिस्टर मंगळवारी दोन वाजता गेली, परत आली नाही. मी सातपर्यंत इथेच होतो."

"मग त्या घरातून कोण बाहेर पडलं?"

"कुणी नाही. म्हणजे कोट सोडून."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी वही काढली.

"दर मंगळवारी चारला दुकानाचा माणूस येतो," इस्त्रीवाला सांगू लागला. "किल्ली पुतण्या देतो त्याला. आत जातो, हातावर काळ्या कोटांचा ढीग घेऊन बाहेर येतो. माझ्याकडून इस्त्री करून घेतो आणि जातो. या मंगळवारी कोट दोनदा गेले. चारला एकदा, साडेपाचला पुन्हा. दुसऱ्यांदा इस्त्रीला थांबलाच नाही. मी हाकही मारली."

"माणूस तोच होता?"

"कोटांच्या ढिगाला तोंड असतं का, बाई? ढीग हनुवटीच्या वर होता. खाली पाय तेवढे दिसले."

"पायात काय होतं?"

इस्त्रीवाल्याचा हात पहिल्यांदाच थांबला. "घरातल्या सपाता होत्या," तो म्हणाला. "आता तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं. सपाता घालून कुणी कामावर येतं का?"

कोपऱ्यावर सिस्टर नखं कुरतडत उभी होती. बाईंनी तिला एकच प्रश्न विचारला. "आजोबांच्या हाताला कधी जखमा दिसल्या?"

"हो, डाव्या तर्जनीच्या टोकाला. बारीक बारीक टोचल्याच्या खुणा. मी मलम लावायची. पुतणसून म्हणायची, साखर तपासते. पण साखर मीच तपासते ना, आणि मी उजव्या करंगळीला टोचते. विचारलं तर आजोबा तोंडावर बोट ठेवायचे."

"मला आता एक बटण हवंय," बाई म्हणाल्या. "चला फाटकावर."

४

दुकानात पुतण्या तावडीत सापडल्यासारखा उभा होता. एक तरुण वकील त्याच्यावर ओरडत होता. "मंगळवारी देतो म्हणालात! आज गुरुवार! मी काय शर्टावर युक्तिवाद करू?"

"साहेब, घरात एवढं संकट आलंय," पुतण्या लोण्यासारख्या आवाजात म्हणाला. "उद्या नक्की." हाताचं बँडेज अजून होतं, फक्त मळलेलं.

तरुण वकील पाय आपटत गेला. पुतण्याने बाईंना पाहिलं आणि त्याचा चेहरा लांबला. "तुम्ही तिचं वकीलपत्र घेतलंत असं ऐकलं. वाईट वाटलं, बाई. तुम्ही आमचं जुनं गिऱ्हाईक."

"गिऱ्हाईक म्हणूनच आले. कोटाला जादा बटण द्यायचं राहिलं तुमच्याकडून." बाईंनी टांगलेल्या एका कोटाची कड हातात घेतली. "काकांची फार आठवण येत असेल. दुकानात येऊन बसायचे का अधूनमधून?"

"कुठलं हो! दोन वर्षांत सुईला हात लावला नाही. हातात सुई दिली तर भात खायला बघतील. मी मुलासारखं केलं त्यांचं." त्याचे डोळे खरोखर भरले. काही माणसांना ते जमतं.

"मग ही काजं कोण करतं? हाताची आहेत."

"मीच."

"सगळी?"

"सगळी. काकांनीच शिकवलेलं. दुसऱ्याच्या हातात मी काज देत नाही."

"आणि कोट कुठे शिवता?"

"इथे, दुकानात. घरी कधी काम नेत नाही. घर ते घर."

बाईंनी बटण घेतलं, आभार मानले आणि रस्त्यावर आल्या. मी म्हटलं, "सरळ खोटं बोलतोय. इस्त्रीवाल्याने कोट घरातून निघताना पाहिलेत."

"खोटं बोलतोय हे कळलं, भाऊ. पण आजोबा कुठे आहेत हे त्यातून कळत नाही. आणि उद्या अकरा वाजता न्यायाधीश मला तेच विचारणार." त्या पहिल्यांदाच थकल्यासारख्या दिसल्या. "सिस्टर आत गेली, तर मी तिला बाहेर काढीनही. पण तिचं गेलेलं नाव परत आणता येणार नाही मला."

५

ऑफिसात आलो. सिस्टर भिंतीशी बसली. तिने सोबत एक पिशवी आणली होती, त्यात टूथब्रश आणि कपड्यांचे दोन जोड. मी ते पाहिलं आणि मला माझ्याच चहाचा राग आला, इतका तो गोड लागत होता.

बाईंनी उद्यासाठी कोट काढला. बाही चढवताना त्यांचं पेन आतल्या खिशात जाईना.

"भाऊ, हा खिसा शिवलाय."

"कच्चा धावदोरा आहे तो," मी जाणकारासारखं सांगितलं. "नव्या कोटाच्या खिशाला घालतात, खिसा फेंगडू नये म्हणून. घेणाऱ्याने उसवायचा असतो."

"नव्या कोटाच्या."

"हो."

"हा कोट नऊ वर्षांचा आहे." बाई सावकाश खाली बसल्या. "या खिशात नऊ वर्षं पेन आहे. तो आधीच फेंगडा आहे. त्याला कुणी धावदोरा कशाला घालेल?"

त्यांनी कोट उजेडात धरला आणि काजांवरून बोट फिरवलं.

"पुतण्या म्हणतो सगळी काजं मी करतो. तुम्ही कोट दिलात तेव्हा त्याचा उजवा हात कसा होता?"

"बँडेजमध्ये," मी म्हणालो, आणि माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला. "आजही आहे."

"म्हणजे या आठ दिवसांत हे काम दुसऱ्या कुणी केलं. जो डाव्या हाताने कापड धरतो आणि खालून सुई वर येताना ज्याच्या डाव्या तर्जनीला टोचतं. ज्याला महिन्यापूर्वीच ठाऊक होतं की सिस्टरवर आळ येईल. आणि ज्याने वीस वर्षांपूर्वी माझं माप घेतलं आणि खांदा लक्षात ठेवला. त्याला म्हणे चमचा आणि सुई कळत नाही!"

सिस्टर उठून उभी राहिली होती. बाईंनी कात्रीने धावदोरा कापला. आत चारपदरी घडी केलेला कागद होता. अक्षर बारीक, ओळी पट्टीने आखल्यासारख्या सरळ. बाईंनी मोठ्याने वाचलं.

"'वकीलबाईंस नमस्कार. मी जुना शिंपी. सिस्टर नसते तेव्हा मला घरात कोंडून शिवायला बसवतात आणि बाहेर सांगतात वेडा आहे. वेड्याला घरावर हक्क सांगता येत नाही आणि कामाचे पैसे मागता येत नाहीत. खोटा दाखला आणलाय. या बुधवारी मला कायमचं बंद आश्रमात टाकणार आहेत, म्हणून मंगळवारी जातो आहे. चार कोट मागे ठेवून घेतले आहेत. काळ्या कोटांच्या मागे माणूस कुणी पाहत नाही, हे चाळीस वर्षं कोर्टात वावरून शिकलो.

'सिस्टरला काही सांगितलेलं नाही. तिला माहीत नसलं म्हणजे शपथेवर खोटं बोलावं लागणार नाही. तिच्यावर आळ येणार, कारण घरात माझ्याशी चांगलं वागणारी तीच एक आहे. तिला अटक होण्याआधी जामीन मिळवून द्या. सुनावणीला मी हजर राहीन. त्याआधी मला शोधू नका, भेटलात तर म्हणतील पढवून आणला. जिथे बोलायला बंदी आहे तिथे आहे, तिथे म्हाताऱ्याला कुणी प्रश्न विचारत नाही.

'तात्पुरता हुकूम म्हणजे कच्चा धावदोरा. तो धरून ठेवा. पक्की शिलाई मी येऊन घालतो.'"

सिस्टर रडत होती. "मला वाटायचं त्यांना काही कळत नाही," ती म्हणाली. "मी त्यांच्यासमोर बसून माझी सगळी दुःखं सांगायची. सगळं ऐकत होते की हो ते."

मी मात्र तिसऱ्या बटणावर अडकलो होतो. दोन चहाचे पेले, पट्टी, शांतता. "बाई," मी म्हणालो, "आजोबा कुठे आहेत ते मला बुधवारी दुपारीच दिसलं होतं."

"आणि?"

"मी पुस्तकं घेऊन परत आलो."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

६

शुक्रवारी पावणेअकराला कोर्ट भरलेलं होतं. सिस्टर पहिल्या बाकावर, मांडीवर पिशवी. दाराशी महिला पोलीस, हुकूम होताच हात धरायला तयार. पुतण्या सरकारी वकिलांच्या मागे, केस नीट विंचरून. मी दर मिनिटाला दाराकडे पाहत होतो. वकील येत होते, जात होते, पण म्हातारा कुणी येईना. मागच्या भिंतीशी कोटांचा ढीग हातावर घेतलेला एक माणूस वाटेत उभा होता. मी वैतागून त्याला म्हटलं, "अहो, बाजूला व्हा जरा, येणाऱ्यांना दिसत नाही." तो निमूटपणे बाजूला झाला.

अकरा वाजले. सरकारी वकील उठले. तीन किल्ल्या, न फोडलेलं कुलूप, रस्त्यात दिलेली धमकी. "साहेब, तीन दिवस झाले. असहाय म्हातारा. त्याला कपडेसुद्धा दुसऱ्याने घालावे लागतात."

बाईंनी चिठ्ठी अजून बाहेर काढली नाही, लेखक समोर नसताना ती पढवलेलीच ठरली असती. त्यांनी बँडेज सांगितलं, काजं सांगितली. इस्त्रीवाल्याचे दोनदा गेलेले कोट सांगितले. मग पुतण्याकडे वळल्या. "मंगळवारी याचे चार कोट घरातून गेले. गिऱ्हाइकं दुकानात येऊन भांडतायत. पण तक्रारीत कोटांचा शब्द नाही. का? कारण कोट हरवले म्हटलं, तर ते घरी कोण शिवत होतं हे सांगावं लागेल."

पुतण्याचा विंचरलेला भांग अचानक मला फार केविलवाणा वाटला.

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "बाई, हे सगळं पटण्यासारखं आहे. पण माणूस कुठे आहे? आणि दार कुणी उघडलं? ही दोन उत्तरं नसतील तर मला तपासाला वाट द्यावी लागेल."

महिला पोलिसाने बेल्ट सारखा केला. सिस्टरने पिशवीचे बंद घट्ट धरले.

"माणूस इथेच आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "अकराला दहा कमी असल्यापासून. आमच्या टंकलेखकांनी त्यांना नुकतंच बाजूला व्हायला सांगितलं."

मागच्या भिंतीशी कोटांचा ढीग हळूहळू बाकावर उतरला. मागून एक बारीक, नीट दाढी केलेला चेहरा निघाला. पायात सपाता होत्या. सिस्टरच्या तोंडून "आजोबा!" एवढंच निघालं. शांतताराव, जो कोर्टात कधी येत नाही, दाराशी उभा होता आणि त्या हाकेला त्याने शांतता म्हटलं नाही.

न्यायाधीशांनी त्यांना पुढे बोलावलं. पिंजऱ्यात नको म्हणाले, खुर्ची दिली. "आज वार कोणता, आजोबा?"

"शुक्रवार. तीन नंबरचं कोर्ट. अटकपूर्व जामिनाचा अर्ज, अर्जदार ही सिस्टर."

"तुम्हाला कुणी घेऊन गेलं?"

"माझ्या पायांनी, साहेब. ग्रंथपाल माझा जुना मित्र. औषधं बरोबर नेली होती, वेळेवर घेतो."

"दार?"

आजोबांनी अंगातल्या जुन्या कोटाच्या खालच्या शिवणीत बोट घातलं आणि एक जुनी, काळवंडलेली किल्ली काढून टेबलावर ठेवली. "घर मी बांधलं, कुलूप मी आणलं. त्याला किल्ल्या चार आल्या होत्या. पुतण्या तेव्हा शाळेत होता, त्याला कसं माहीत असणार? चौथी मी शिवणीत घालून ठेवली होती. माणसाने एक किल्ली स्वतःजवळ ठेवावी."

सरकारी वकील उभे राहिले. "साहेब, बुद्धी शाबूत आहे की नाही हे डॉक्टर ठरवतील. पाठ केलेली चार वाक्यं..."

"मग न पाठ केलेलं सांगतो," आजोबा शांतपणे म्हणाले. "साहेब, तुमचा झगा मीच शिवलाय, तुमची नेमणूक झाली तेव्हा. पाठीच्या शिवणीत आत दीड इंच जास्त कापड ठेवलंय. खुर्चीवर बसायचं काम, वजन वाढणार, तेव्हा सोडवून घेता यावं म्हणून. आता वेळ झालीय. काखेत ओढतोय."

आधी कुणी हसायचं धाडस केलं नाही. मग न्यायाधीशांनीच हात मागे नेऊन शिवण चाचपली, आणि सगळं कोर्ट हसलं. सरकारी वकील हसत हसतच खाली बसले.

हुकूम मी न्यायाधीशांच्या तोंडून तिथेच उतरवून घेतला. आजोबा स्वतःच्या मर्जीने गेले, अपहरण झाल्याचं प्रथमदर्शनी दिसत नाही, अटकपूर्व जामीन मंजूर. दाखल्याची चौकशी व्हावी. तोवर आजोबांनी कुठे राहायचं ते आजोबा ठरवतील. पुतण्या जायला निघाला तेव्हा आजोबांनी त्याला हाक मारली. मला वाटलं आता शाप देणार.

"हाताला खोबरेल तेल नको लावू," ते म्हणाले. "भाजलेलं चिघळतं. डॉक्टरला दाखव. खऱ्या डॉक्टरला."

पुतण्या मान खाली घालून गेला.

बाहेर व्हरांड्यात सिस्टर उभी होती, पिशवी अजून हातात. "आजोबा, तुम्ही मला सांगितलं का नाही?" एवढंच म्हणाली.

"सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस. घाबरलेल्या माणसाची शिवण वाकडी जाते." त्यांनी टेबलावरून परत घेतलेली किल्ली खिशातून काढली. "बाई म्हणतात, घर रिकामं व्हायला महिना लागेल. तोवर मी शांततारावाकडे आहे. औषधं आठ वाजता असतात माझी. येशील ना?"

"मी?" सिस्टर म्हणाली. "माझ्यावर केस झालीय, आजोबा. पेपरात येईल. माझ्या हाती आता आजारी माणूस कोण देणार?"

"मी देतो," आजोबा म्हणाले. "मलाच."

आणि त्यांनी चौथी किल्ली तिच्या तळहातावर ठेवून तिची बोटं मिटवली.